ओंडक्यांखालचं गवत

आमच्या गावात बोटीतून कुणी उतरलं, की ॲल्मामावशी आधी त्याचं मनगट पकडते. हस्तांदोलन नव्हे. अंगठा आणि तर्जनी यांच्यात मनगट धरते, जरासं दाबते आणि सोडून देते. मग कधी "जेवायला ये" म्हणते, कधी काहीच म्हणत नाही. मी बावीस वर्षं व्हँकुव्हरमध्ये काढली आणि नवऱ्याला तिथेच ठेवून दोन बॅगा घेऊन धक्क्यावर उतरले, तेव्हा जमलेल्या बायका म्हणाल्या, "काय छान बारीक झालीस गं म्युरिएल! शहर मानवलं हो तुला." मावशीने माझं मनगट धरलं, माझ्याकडे रागाने पाहिलं आणि म्हणाली, "महिनाभर रोज जेवायला ये." मला तिचा भयंकर राग आला होता. मी पन्नाशीची बाई, मला बाजारातल्या कोंबडीसारखं काय चाचपायचं?

ती माझी सख्खी मावशी नव्हे, आईची चुलतबहीण. पण आमच्या खाडीत असली गणितं कुणी मांडत बसत नाही. वयाने मोठी असेल ती मावशी, फारच मोठी असेल तर आजी.

ॲल्मामावशी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे आणि गावातली सगळ्यांत उंच म्हातारी आहे. तिच्या पायाला भिंगरी आहे म्हणतात तेही कमीच. मी तिला कधी बसलेली पाहिली नव्हती. ती उभ्याने जेवते, उभ्याने बिंगो खेळते. तिच्याकडे चहा प्यायला गेलं तर तुमचा शेवटचा घोट घशाखाली उतरायच्या आत कप विसळून पालथा घातलेला असतो. तिच्या स्वयंपाकघरात चार खुर्च्या आहेत. त्यांतल्या तीन खुर्च्यांवर वाळवलेल्या माशांचे डबे असतात आणि चौथी पाहुण्यांची. चर्चमध्येसुद्धा ती मागच्या दाराशी उभी राहते, आणि पाद्रीबाबांचं बोलणं लांबलं की दार उघडून समुद्र कुठवर आलाय ते बघून येते.

तर अशा बाईने मागच्या पानगळीत एक शब्द देऊन ठेवला, आणि आम्हां सगळ्यांचा जीव टांगणीला लावला.

झालं असं की तिचा भाऊ विल्फ्रेड जाऊन दोन वर्षं होत आली होती. त्याच्या आठवणीचा पॉटलॅच, म्हणजे आम्हां किनाऱ्यावरच्या आदिवासी घराण्यांचा जेवणाचा मोठा समारंभ, मे महिन्यात घालायचं ठरलं होतं. आमच्या पॉटलॅचला माणसं जेवायला येतात तशीच साक्षीला येतात. मोठ्या घरात, शेकोटीपुढे, चारचौघांसमोर बोललेला शब्द ती आपल्याबरोबर घरी नेतात आणि तो कधीही परत काढून दाखवू शकतात. म्हणून शहाणी माणसं तिथे मोजून बोलतात. शेजारच्या खाडीतल्या एका घराण्याच्या पॉटलॅचमध्ये मावशी उठून उभी राहिली (उठून म्हणजे काय, उभीच होती, दोन पावलं पुढे आली) आणि म्हणाली, "माझ्या भावाच्या नावाने मी मे महिन्यात जेवण घालीन. माझ्या आईच्या आईने घातलं होतं तसं. पाहुण्यांपुढे समुद्रगवत ठेवीन."

मोठ्या घरातल्या सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. समुद्रगवत म्हणजे खाडीच्या तळाशी, पाण्याखाली उगवणारं गवत. त्याची चिखलात आडवी पसरलेली मुळं सोलून, चार-चारची जुडी करून, त्याच्याच पातीने बांधून, ऊलिकन माशाच्या तेलात बुडवून खायची. हे आम्हांला सगळ्यांना ठाऊक होतं, पण ऐकून. ते खाल्लेलं माणूस आमच्या गावात ॲल्मामावशी सोडून एकही उरलेलं नव्हतं. साठपासष्ट वर्षांत कुणी ते उपटलं नव्हतं.

तेवढ्यात पलीकडच्या बाकावरून एक काठी वर झाली. शेजारच्या खाडीतली लूसीआजी, वय वर्षं एक्याण्णव. "मी येईन," ती म्हणाली. "माझे दोनच दात उरलेत. मेपर्यंत सांभाळून ठेवते."

लोक हसले. मावशी हसली नाही. लूसीआजीने ते गवत लहानपणी पोटभर खाल्लेलं होतं, म्हणजे परीक्षा घेणारं माणूस ठरून गेलं होतं.

हिवाळाभर मावशीने आमच्या डोक्याला ताप दिला. माझा आतेभाऊ डेल्बर्ट, मासेमारीच्या बोटीवर तीस वर्षं काढलेला आणि सांध्यांनी घरी बसवलेला माणूस, त्याला तिने हेमलॉकच्या झाडाची लांब काठी तासायला लावली. ही काठी गवतात घालायची, पात तिच्याभोवती पिळायची आणि मुळासकट वर ओढायची. तीन काठ्या तिने नापास केल्या.

"मावशी, लोकांना हल्ली पिझ्झा आवडतो," डेल्बर्ट म्हणाला. "गवत कशाला? पाहुणे गाई आहेत का?"

"तुझ्यापुढे पिझ्झा ठेवीन. नाहीतरी तुला साक्षीदार म्हणून कोण विचारतंय?"

"आणि गवत मिळालं नाही तर?"

हातातली काठी परत त्याच्यासमोर टाकली आणि म्हणाली, "टोक अजून जाड आहे."

मिळालं नाही तर काय, हे तिलाही ठाऊक होतं आणि आम्हांलाही. पुढे तीस वर्षं, तिच्या पश्चातसुद्धा, आमच्या घराण्यातलं कुणी कुठेही बोलायला उभं राहिलं की कुणीतरी हळूच खोकणार: हेच ना ते, गवत घालणारे? शब्द आईच्या आईच्या नावाने दिलेला होता. तो खाली पडला तर ते नावही पडणार होतं.

गवत कुठे आहे ते मात्र तिला पक्कं माहीत होतं. नदी खाडीला मिळते तिथे, खोल बाजूला. मधली कितीतरी वर्षं लाकूड कंपनीने त्या जागेवर तोडलेल्या झाडांचे ओंडके साखळ्यांनी बांधून तरंगत ठेवले होते. पाण्यावर जणू लाकडाचं छप्पर घातलेलं होतं. चारेक वर्षांपूर्वी कंपनी गेली, ओंडके गेले. तळाशी सालींचा गाळ राहिला आणि वरच्या उघड्याबोडक्या डोंगरांवरची माती दर पावसात येत राहिली. तरी त्या गढूळ पाण्यात गवत होतं. डेल्बर्टने ते मार्चमध्ये पाहिलं आणि बोट तशीच वळवून सांगायला आला.

"मावशी, माझ्याहून लांब पात आहे! एवढं लांब गवत मी जन्मात पाहिलं नाही."

"काळं? गडद?"

"काळंभोर."

"तेच," मावशी म्हणाली. तिचा चेहरा सैल पडलेला मी त्या हिवाळ्यात तेव्हा पहिल्यांदा पाहिला. "आई होडीतून वाकून वाकून लांब पात शोधायची. मी पुढे बसून पाती सरळ करून ठेवायचे. सर्वांत लांब सापडली की आई खूश व्हायची."

तेव्हा ती सात वर्षांची होती. पुढल्या वर्षी तिला सरकारी बोर्डिंग शाळेत नेलं; आमची मुलं तेव्हा आईबापांना न विचारता बोटीत घालून नेत.

मे महिन्यात सगळ्यांत मोठ्या ओहोटीच्या तीन सकाळी असतात. पहिल्या सकाळी आम्ही तिघं डेल्बर्टच्या ॲल्युमिनियमच्या होडीतून निघालो. मावशी होडीत उभी. डेल्बर्टने दोनदा "बस गं बाई, बुडवशील" म्हणून पाहिलं, मग नाद सोडला. जागेवर पोचलो, तर पाण्याखाली खरोखर लांबच लांब काळपट पाती प्रवाहाबरोबर पसरल्या होत्या. विरळ होत्या, दोन रोपांमध्ये हातभर अंतर, पण लांबी अशी की डोळ्यांत भरावी. मावशीने काठी घातली, पिळली, ओढली. वर आलेल्या झुबक्याची मुळं तिने पाण्यात धुतली.

सुतळीएवढी होती. तपकिरी, लोंबकळणारी. तिने एक सोललं, मोडून पाहिलं. ते मोडेना, नुसतं वाकलं.

"लहानपणी सगळंच मोठं वाटतं," डेल्बर्ट चाचरत म्हणाला. "कदाचित हे असंच असायचं."

"मी सात वर्षांची होते, आंधळी नव्हते." तिने मूळ चावलं, दोनदा चघळलं आणि थुंकलं. "चिखल."

दुपारपर्यंत आम्ही वीस झुबके काढले. सगळे तसेच. भरती आली आणि आम्हांला उठावं लागलं. त्या संध्याकाळी तिने स्वयंपाकघरातली सगळी कपाटं रिकामी करून धुतली. मी मदतीला गेले तर म्हणाली, "तू मध्ये येऊ नकोस." मी घरी गेले. मलाही झोप लागेना, कारण पॉटलॅचला अकरा दिवस उरले होते आणि तीनशे माणसांना निरोप गेलेले होते.

दुसऱ्या सकाळी तिने होडी आणखी पुढे, आणखी खोल बाजूला न्यायला लावली. "काल आपण काठालाच होतो. याहून लांब असेल तिथे जायचं." गेलो. तिथली पात सवा पुरुष लांब होती आणि मूळ कालच्याहून बारीक. मावशी भराभर काठी घालत होती, पिळत होती, ओढत होती, फेकत होती. मला ते बघवेना. मी म्हटलं, "मावशी, थांब जरा." ती माझ्यावर खेकसली, "थांबून कुणाचं भलं झालंय?"

तेवढ्यात एक छोटी रबरी बोट जवळ आली. इंग्रिड नावाची एक तरुण मुलगी गेलं वर्षभर खाडीतलं गवत मोजायला यायची. दोरीला बांधलेली काळीपांढरी थाळी ती पाण्यात सोडते आणि कुठवर दिसते ते लिहून घेते. पोरगी गुणी आहे, फक्त तिला शांत बसवत नाही.

"किती दिसते गं तुझी थाळी?" डेल्बर्टने विचारलं.

"इथे? जेमतेम दीड मीटर. तळाशी उजेड जवळजवळ नाहीच." तिने आमच्या होडीतल्या पाती पाहिल्या आणि तिचे डोळे चमकले. "पाहा ना, किती हुशार आहे हे! उजेड वर आहे, म्हणून पात वर वर लांबवतं. मिळेल तेवढा पकडायचा म्हणून अंगातला हिरवा रंग वाढवतं, त्याने इतकं काळं दिसतं. एकमेकांवर सावली पडू नये म्हणून रोपंही कमी ठेवतं."

"आणि मूळ?" मावशीने विचारलं. तिने काठी खाली ठेवली होती.

"मुळात ते साखर साठवतं. चांगल्या उजेडात उन्हाळाभर भरून ठेवतं आणि हिवाळ्यात थोडी थोडी खातं. इथे भरायलाच मिळत नाही, त्यामुळे आहे तीच खात राहतं."

"म्हणजे लांब झालंय ते..."

"ते साठवण मोडून. हो." इंग्रिड जरा थांबली आणि मग, देव तिचं भलं करो, तिला जे वाटलं ते बोलून गेली. "मला खरंच याचं कौतुक वाटतं. तुमच्या लोकांसारखंच आहे, नाही? वर कितीही अंधार घाला, हे आपलं वाढतच राहतं."

मावशीने तिच्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही.

"मी गवत नाही, बाई. मला भूक लागली होती."

इंग्रिड कानापर्यंत लाल झाली. डेल्बर्ट इंजिनाची दोरी तपासू लागला. त्या दोरीला काहीही झालेलं नव्हतं.

घरी आल्यावर मावशीने चहा ठेवला आणि प्यायला विसरली. स्टोव्हपासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून स्टोव्हपर्यंत तिच्या फेऱ्या चालल्या होत्या. मी पाहुण्यांच्या खुर्चीत होते. बाहेर लख्ख दुपार होती. मग तिने मला एक गोष्ट सांगितली, जी मी तोवर ऐकलेली नव्हती.

"शाळेत नेल्यावर दोन वर्षं घरी पाठवलंच नाही. मग एका जूनमध्ये पाठवलं. मी दहा वर्षांची. धक्क्यावर सगळं गाव आलं होतं. मी उतरले आणि बायका म्हणाल्या, केवढी उंच झाली! खायला चांगलं देतात वाटतं शाळेत. सगळ्या खूश. मला पण बरं वाटलं. वाटलं, काहीतरी चांगलं केलं मी." ती खिडकीशी थांबली. "आई पुढे आली. मला जवळ नाही घेतलं तिने. माझं मनगट धरलं. असं."

तिने स्वतःचंच डावं मनगट उजव्या हाताच्या दोन बोटांत धरून दाखवलं.

"माघारी वळली, घरी गेली आणि मासा शिजायला घातला. ऊलिकनचं तेल घालून मला भरवलं. मी ओकले. पोट विसरलं होतं गं तेल. तिने पुसलं आणि परत भरवलं. दोन महिने तेवढंच केलं तिने. सप्टेंबरमध्ये बोट परत आली."

मला रडू येत होतं, आणि लाजही वाटत होती, धक्क्यावर मला कोंबडीसारखं चाचपते म्हणून मी जो राग धरला होता त्याची. मी काहीतरी म्हणणार होते, पण मावशी माझ्याकडे बघतच नव्हती. ती आपल्या दोन बोटांकडे बघत होती. मनगट अजून त्यांत होतं.

"म्युरिएल," ती म्हणाली, "ती मुळं अशीच धरायची."

"कोण?"

"आई! मूळ वर आलं की असंच, दोन बोटांत. मग चावायची. पातीकडे बघायचीच नाही." ती एवढ्या जोरात वळली की माझा कप पडला. "मग लांब पात कशाला शोधायची? बांधायला! जुडी बांधायला लांब पात लागते, आखूड पुरत नाही. मी पाती लावत बसायचे म्हणून मला पातीच आठवतात. मूर्ख म्हातारी!"

"मग मुळं कुठून आणायची?"

ती परत फेऱ्या मारू लागली, पण आता वेगळ्या. ओठ हलत होते. "खोल पाण्यात जायच्या आधी आम्ही एके ठिकाणी थांबायचो. आई मला होडीतून उतरवायची. गुडघ्याएवढं पाणी, उबदार, खाली वाळू. मी शिंपले वेचायचे. आई वाकून काहीतरी करत असायची, मला काय त्याचं. मला वाटायचं, मला खेळायला मिळावं म्हणून आई तिथे थांबते."

पुढच्या वर्षापासून दर मे महिन्यात ती शाळेत होती. चौदा वर्षांची असताना आई गेली. विचारायला परत कधी सवडच मिळाली नाही.

तिसऱ्या सकाळी आम्ही वाळूच्या दांड्यावर गेलो. हा दांडा गावासमोरच आहे, होडीने पाच मिनिटं. ओहोटी उतरणीला लागली होती, पाणी आदल्या दिवसाएवढं खाली जाणार नव्हतं, आणि वारा अंगाला चावत होता. दांड्यावर गवत होतं खरं. वीतभर, फिकट, टोकं उन्हाने करपलेली, एकमेकांत गच्च दाटलेलं. बघून कुणाला काही वाटू नये असं.

"हे?" डेल्बर्ट म्हणाला. "यावरून मी पन्नास वर्षं बूट घालून चालतोय! शिंपले काढताना उपटून फेकतो आम्ही हे!"

"फेकत होतास. आता उतर खाली."

काठी इथे चालेना, आखूड पात तिच्यावरून निसटून जायची. मावशी मांडीएवढ्या गार पाण्यात उतरली, वाकली आणि हाताने वाळू उकरू लागली. बोटं आत घालून तिने एक कांडं ओढून काढलं. ते धुतलं. दोन बोटांत धरलं. मी जागेवरून पाहिलं, ते भरीव होतं, पांढुरकं, पेराशी फुगलेलं. तिने ते तोंडात घातलं आणि मोडल्याचा आवाज आम्हां दोघांना ऐकू आला.

ती चावत राहिली. चावतच राहिली.

"बोल की!" डेल्बर्ट ओरडला. "इथे जीव जायची वेळ आली!"

तिने उरलेलं अर्धं माझ्या हातात दिलं. आधी मीठ लागलं, मग कोवळ्या काकडीसारखं करकरीत, आणि अगदी शेवटी, गिळताना, गोड. मी बावन्न वर्षांची आहे आणि व्हँकुव्हरची वर्षं सोडली तर जन्मभर त्या दांड्यासमोर कपडे वाळत घातले आहेत.

दोन तास आम्ही तिघं वाकून होतो. बोटं बधिर झाली. दाट असलं तरी मुळं एकमेकांत अशी गुंतलेली की एक धड निघायला दहा मोडत. पाणी कमरेला आलं तेव्हा अठ्ठेचाळीस चांगली कांडी हाताशी होती. चार-चारच्या बारा जुड्या. पाहुणे तीनशे.

"बारा तर बारा," मावशी म्हणाली. "सगळ्यांत म्हाताऱ्या बारा जणांपुढे ठेवू. आता तिकडे चल, ओंडक्यांच्या जागेवर."

"आता कशाला? ते नापास झालं ना!"

"बांधायला, गाढवा."

भरती अर्धी चढली होती, पण ती पात एवढी लांब की पृष्ठभागापर्यंत आलेली होती, वरूनच हाताला लागत होती. डेल्बर्ट सवयीने काठी घालायला लागला तर मावशीने त्याच्या हातावर चापट मारली. तिने चाकूने वरवरच्या बारा पाती कापून घेतल्या.

"मुळाला हात लावू नकोस. त्याच्यापाशी तेवढंच आहे."

पॉटलॅचच्या दिवशी मोठं घर भरून गेलं होतं. गाणी झाली, विल्फ्रेडच्या नावाचे नाच झाले, जेवणाच्या वेळी सामन माशाचे थाळे फिरले. मग घराण्याच्या बोलक्याने, म्हणजे पॉटलॅचमध्ये आमच्या वतीने बोलणाऱ्या माणसाने, काठी आपटली आणि सांगितलं की ॲल्माने जे कबूल केलं होतं ते आता येतंय. बारा म्हाताऱ्या माणसांपुढे बारा जुड्या ठेवल्या. फिकट मुळं, त्यांवर काळ्या पातीचे वेढे, बाजूला तेलाची वाटी. पुढच्या रांगेतले लोक माना उंचावून बघत होते. मागे कुणीतरी खोकलं. नुसता खोकला असेल, पण मी वळून पाहिलं.

मावशी खांबाशी उभी होती. सकाळपासून उभी होती.

लूसीआजीने जुडी उचलली, डोळ्यांजवळ नेऊन पाहिली, तेलात बुडवली आणि तिचं एक टोक तोंडाच्या डाव्या कोपऱ्यात सरकवलं. तिकडे ते दोन दात होते. तिने चावलं. खूप वेळ लागला. तीनशे माणसं एका म्हातारीचा जबडा बघत होती.

"मुळं कुठली?" तिने विचारलं.

"वाळूच्या दांड्यावरची."

"आणि पात?"

"ओंडक्यांखालची."

"तिथे अजून आहे?"

"आहे. मूळ आत्ता पोकळ आहे त्याचं."

लूसीआजीने मान हलवली. मग ती काठी टेकून, दोन नातवांच्या आधाराने उभी राहिली आणि सगळ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मी साक्षीदार. हे तेच आहे. हे गोड आहे."

घर गरजलं. डेल्बर्ट माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला आणि नंतर मी रडलोच नाही म्हणाला. लोक मावशीकडे वळले, तशी ती रिकामे थाळे उचलायला लागली. एकेक थाळा उचलत ती लूसीआजीपर्यंत पोचली आणि तिचा थाळा घ्यायला वाकली, तेव्हा लूसीआजीने थाळा सोडला नाही. तिने मावशीचं मनगट धरलं. अंगठा आणि तर्जनीत.

मावशी जागच्या जागी थिजली. गावातल्या लहानथोर सगळ्यांची मनगटं तिने धरली होती. तिचं कुणी धरलेलं मी पाहिलं नव्हतं, आणि तिच्या आईनंतर बहुधा कुणी धरलंच नव्हतं.

"मी पण त्याच शाळेत होते," लूसीआजी हळू म्हणाली. "तुझ्या आधी." तिने मनगट जरासं दाबलं. "अजून भरलं नाही गं तुझं. ठेव ते थाळे. मी अर्धं ठेवलंय तुझ्यासाठी. बस इथे."

बाकावर तिने जागा केली. ॲल्मामावशीने थाळे खाली ठेवले, ती बसली, आणि खाऊ लागली.